उंबरठ्याशी थांबलेला कायदा

संसदेचे २००५ सालचे पावसाळी अधिवेशन आज स्मरणात आहे ते राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयकामुळे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा वारसा सांगणारे ते विधेयक लोकसभेने २३ ऑगस्ट रोजी संमत केले आणि पुढे दीर्घकाळ त्याचीच चर्चा होत राहिली. त्याच अधिवेशनात त्याच सभागृहाने आणखी एका विधेयकावर संमतीची मोहोर उमटवली होती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारे हे विधेयक राज्यसभेतही पार पडले, १३ सप्टेंबरला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि वर्षभराहून अधिक काळ वाट पाहायला लावून २६ ऑक्टोबर २००६ पासून ते अमलात आले. कामाचा हक्क देणाऱ्या कायद्याला मजूर, ग्रामसभा, सामाजिक अंकेक्षण असे वाली मिळाले. स्वतःच्या घरात निर्धास्त राहण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याला मात्र वाली शोधावा लागला, आणि तो शोध अजून संपलेला नाही.

या कायद्याचा जन्मही सरळ झालेला नाही. राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सरकारने मार्च २००२ मध्ये मांडलेल्या विधेयकात मारहाण ‘सवयीची’ असेल तरच ती हिंसाचार ठरत होती. शिवाय स्वतःच्या वा मालमत्तेच्या संरक्षणार्थ केलेले वर्तन हिंसाचार मानू नये, अशी पळवाटही त्यात होती. एखाद्या वेळी हात उचलला तर चालेल, सवय लागली तर नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. महिला संघटनांनी त्याविरुद्ध रान उठवले, ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने पर्यायी मसुदा पुढे केला आणि मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या स्थायी समितीनेही डिसेंबर २००२ च्या अहवालात त्रुटींवर बोट ठेवले. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने नंतर आणलेल्या मसुद्यात ‘सवय’ हा शब्द उरला नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा सर्व प्रकारच्या छळाला त्यात हिंसाचार मानण्यात आले.

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले कलम ४९८-अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६) पतीला शिक्षा देण्यासाठी आहे. पण मार खाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची पहिली मागणी नवऱ्याला तुरुंगात धाडण्याची नसते. मार थांबावा, मुलांची शाळा सुटू नये आणि डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, एवढेच तिला हवे असते. २००५ च्या कायद्याने हे ओळखले. घर कोणाच्याही नावावर असो, त्या घरात राहण्याचा हक्क त्याने स्त्रीला दिला. दंडाधिकाऱ्याने अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे बंधनही घातले.

या सगळ्या रचनेचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. तिने स्त्रीकडून घटनेचा अहवाल लिहून घ्यायचा, तो दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचवायचा, वैद्यकीय तपासणी, निवारा, विधी साहाय्य यांची सोय पाहायची आणि आदेश निघाल्यावर तो पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवायचे. कायद्यात एवढी जबाबदारी सोपवलेले हे पद प्रत्यक्षात मात्र अनेक राज्यांनी नव्याने निर्माण केलेच नाही. कुठे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या, कुठे महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याच्या फायलींवर आणखी एक फाईल ठेवली गेली. सरकारी कार्यालयात ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे दिल्लीतल्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या कायद्याखालील सुमारे ४ लाख ७१ हजार प्रकरणे १ जुलै २०२२ रोजी देशभर प्रलंबित असल्याची आकडेवारी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात सादर केली. अखेर २० मे २०२५ रोजी न्यायालयालाच सर्व राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना बजावावे लागले, की महिला व बालविकास विभागातील अधिकारी निश्चित करून त्यांना जिल्हा व तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. जिथे ते झालेले नाही तिथे सहा आठवड्यांत करा. कायदा अमलात येऊन तेव्हा साडेअठरा वर्षे उलटली होती.

आणि तरीही, प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ अधिकारी मिळाली, असे क्षणभर धरून चालले, तरी मूळ प्रश्न उरतोच. तिच्यापर्यंत पोहोचणार कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसाचार झाल्याचे सांगितले. कर्नाटकात हे प्रमाण ४४ टक्क्यांवर, बिहारमध्ये ४० टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के होते. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती आणि तब्बल ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नव्हती, कोणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्यांतही बहुतेकींनी धाव घेतली ती माहेरच्या माणसांकडे. पोलीस, वकील, संस्था ही नावे यादीत फार खाली येतात. कायदा दिल्लीत झाला, अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसली, आणि ज्या घरात हे घडते तिथे भिंतीपलीकडे फक्त शेजारी आहे.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यातील चौथे कलम फारसे उद्धृत केले जात नाही, पण कदाचित तेच सर्वांत दूरदर्शी आहे. हिंसाचार घडला, घडतो आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असे मानण्यास ज्याला कारण आहे अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. ‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ या आपल्याकडच्या जुन्या शहाणपणाला संसदेने दिलेले हे उत्तर आहे. दहाव्या कलमाने स्वयंसेवी संस्थांना ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदवून घेण्याची वाट खुली केली. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम सुरू केली, तिचा गाभाही हाच होता. आवाज ऐकू आला तर दाराची घंटा वाजवा, निमित्त कोणतेही सांगा.

मुंबईने ही भागीदारी कायद्याच्याही आधी करून पाहिली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसते, पण ती पोलीस नसते, यात या प्रयोगाचे सारे मर्म होते. तक्रार घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे आधी खरे मानायचे, नवऱ्याला बोलावून त्याच्याशी बोलायचे, तिचे स्त्रीधन व कागदपत्रे परत मिळवून द्यायची, गुन्हा नोंदवणे आवश्यक असेल तेव्हा शेजारच्या खोलीतल्या अंमलदाराकडे तिच्यासोबत जायचे. खाकी वर्दीचा धाक आणि समाजकार्यकर्तीची सबुरी एका छताखाली आली. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ही कल्पना आपलीशी करून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली आणि अन्य राज्यांनीही तिचे अनुकरण केले.

दुसरा प्रयोग रुग्णालयातला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येतेच. हात मोडला तर ‘पडले’ म्हणून, विष घेतले तर ‘चुकून’ म्हणून. अपघात विभागातील डॉक्टरने जखम शिवायची आणि परिचारिकेने केसपेपरवर तेवढेच लिहायचे, ही रुग्णालयाची रीत. ‘दिलासा’ने त्यांना एक प्रश्न अधिक विचारायला शिकवले. कोणी मारले का, हा प्रश्न, आणि तोही सोबत आलेल्या सासूला बाहेर पाठवून. नोंद नीट झाली तर वर्षभराने न्यायालयात तीच पुरावा म्हणून उभी राहते. शहरातील अन्य पालिका रुग्णालयांनी हा नमुना पुढे स्वीकारला. नवे खाते नाही, नवी इमारत नाही; होती तीच माणसे होत्या त्याच जागी थोडी निराळी वागू लागली.

दिल्लीत वाट वेगळी होती. पुनर्वसन वसाहतींत काम करणाऱ्या ‘अ‍ॅक्शन इंडिया’ संस्थेने १९९४ च्या सुमारास ‘महिला पंचायत’ सुरू केली. वस्तीतल्याच बायका ठरलेल्या दिवशी बसणार, दोन्ही बाजूंना बोलावणार, वहीत नोंद करणार, समझोता झाला तर तो लेखी घेणार आणि पुढचे काही महिने त्या घरी जाऊन पाहणार. दिल्ली महिला आयोगाने नंतर हा नमुना उचलला आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत शहरभर पसरवला. गुजरातेत महिला समाख्या कार्यक्रमातून नव्वदच्या दशकात ‘नारी अदालत’ उभी राहिली, तिचीही रीत साधारण अशीच. या बायकांकडे कायद्याचा अधिकार शून्य असतो. पण कोणाचा पगार कधी होतो, तो दारूच्या गुत्त्यावर किती उडतो, सासूला कोण गप्प करू शकतो, हे त्यांना ठाऊक असते. दारू आणि मार यांचे नाते तर सर्वेक्षणातही लख्ख दिसते. वारंवार दारूच्या नशेत असणाऱ्या पतींच्या बायकांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी हिंसा सोसली आहे, न पिणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण एक चतुर्थांशाहून कमी आहे. बाटली आडवी करण्यासाठी महाराष्ट्रात रांगा लावून मतदान करणाऱ्या बायका मद्यनीतीवर मत देत नव्हत्या, आपल्या घरातल्या संध्याकाळीवर मत देत होत्या.

इथवर सारे आशादायक वाटते. ‘स्थानिक समाजाचा सहभाग’ हे शब्द मंत्रालयांच्या टिपणांत म्हणूनच वारंवार येतात. खर्च कमी आणि ऐकायला गोड. पण समाज म्हणजे कोण, हा प्रश्न त्या टिपणांत क्वचितच विचारला जातो.

पश्चिम बंगालमध्ये ‘सालिशी’ ही गावातल्या तंट्यांची जुनी बैठक. श्रमजीवी महिला समितीसारख्या संघटनेने ती स्त्रियांच्या बाजूने वळवून दाखवली. पण त्याच नावाच्या बैठकीने जानेवारी २०१४ मध्ये बीरभूम जिल्ह्यात एका आदिवासी तरुणीला काय शिक्षा फर्मावली, ते सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागण्याइतके भीषण होते. महाराष्ट्रात गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणे तिने मिटवली, हे मान्य करायलाच हवे. परंतु ज्या मोहिमेत गावाला गुण आणि बक्षीस मिळते ते तंटे मिटवल्याबद्दल, तिथे मार खाऊन आलेल्या सुनेची तक्रार हीदेखील ‘मिटवायची’ गोष्ट होऊन बसते. बांधाच्या भांडणात दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यावे, हे शहाणपण झाले. मारणारा आणि मार खाणारी यांनी एकेक पाऊल मागे घ्यावे, म्हणजे नेमके काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून हाच पेच राष्ट्रीय पातळीवर पुढे आला आहे. ४९८-अ चा दुरुपयोग होतो, या युक्तिवादाला अनुसरून जुलै २०१७ मध्ये द्विसदस्यीय पीठाने प्रत्येक जिल्ह्यात कुटुंब कल्याण समित्या स्थापण्याचा आदेश दिला. अशा प्रत्येक तक्रारीची आधी या समितीने छाननी करायची आणि तिचा अहवाल येईपर्यंत साधारणतः अटक करायची नाही. समितीत कोण? विधी स्वयंसेवक, समाजकार्यकर्ते, निवृत्त व्यक्ती आणि, आदेशातच म्हटल्याप्रमाणे, सेवेतील अधिकाऱ्यांच्या पत्नी. सप्टेंबर २०१८ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने हा भाग रद्द केला. कायद्यात नसलेली यंत्रणा न्यायालयाला उभी करता येणार नाही, असे त्यामागचे कारण होते. विषय संपला असे वाटले. परंतु २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जवळपास त्याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यात तक्रारीनंतर दोन महिन्यांचा ‘शांतता काळ’ही आला, आणि २२ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने ती तत्त्वे लागू राहतील असे सांगितले. त्यातही वरिष्ठ न्यायिक व प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या सुशिक्षित पत्नी आहेतच. सरकारी वसाहतींतल्या भगिनींवर न्यायसंस्थेचा हा विश्वास हृद्य खरा. मात्र त्याच वसाहतींतल्या बंद दारांआड काय चालते याची कल्पना त्या भगिनींना न्यायमूर्तींपेक्षा अधिक असावी.

खोट्या तक्रारी होतच नाहीत, असा दावा कोणी करू नये. अटकेवर लगाम हवा म्हणून २०१४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना नियम घालून दिले होते आणि तो उपाय न्यायाला धरून होता. पण विशेष कक्ष किंवा महिला पंचायत आणि कुटुंब कल्याण समिती यांत जो फरक आहे तो नावाचा नाही. पहिल्या दोन यंत्रणा बाईच्या शेजारी उभ्या राहून तिला कायद्याच्या दारापर्यंत नेतात, आणि तिने आत जायचे की नाही हे तिच्यावर सोडतात. तिसरी त्या दारातच उभी राहते. दोन महिने ही मुदत पंचांसाठी ‘शांतता काळ’ असेल. त्याच घरात, त्याच माणसासोबत राहणाऱ्या बाईसाठी ती फार लांबची मुदत आहे. स्थानिक भागीदारीची कसोटी घ्यायचीच असेल तर ती इथे घ्यावी, समझोत्यांच्या संख्येवर नव्हे.

या भागीदारीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना हिंसाचाराची पहिली चाहूल लागते. आशांच्या प्रशिक्षण साहित्यात स्त्रियांवरील हिंसाचाराचा विषय आणलाही गेला आहे. पण आशा ही मोबदल्यावर काम करणारी ‘स्वयंसेविका’, तिचे घर त्याच गल्लीत. ज्याच्याविरुद्ध खबर द्यायची तो तिच्या दिराचा मित्र निघतो. राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ भंवरीदेवी यांनी १९९२ मध्ये भटेरी गावात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले आणि त्याची जी किंमत मोजली, तिच्यातून देशाला १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. त्यांच्या स्वतःच्या प्रकरणात मात्र जयपूरच्या न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले होते. गावातल्या बाईला राज्याचा हात म्हणून पुढे करायचे आणि तो हात पिरगाळला जाताना राज्याने दूर उभे राहायचे, हा अनुभव तळागाळातल्या प्रत्येक कार्यकर्तीच्या स्मरणात असतो.

पैशाची कथा याहून वेगळी नाही. १९८८ च्या सुमारास सुरू झालेल्या महिला समाख्येचा निधी केंद्राने २०१६ मध्ये थांबवला आणि नारी अदालतींना आधार देणारी संघटनाच विरळ झाली. सात वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘मिशन शक्ती’च्या ‘संबल’ उपयोजनेखाली केंद्राने ‘नारी अदालत’ याच नावाचा प्रायोगिक उपक्रम आसाम आणि जम्मू-काश्मीरमधील प्रत्येकी ५० ग्रामपंचायतींत सुरू केला. दिल्लीत मे २०२४ मध्ये नेमणुका नियमबाह्य असल्याचे कारण देऊन महिला आयोगातील २२३ कंत्राटी कर्मचाऱ्यांना दूर करण्याचा आदेश निघाला. नियमांचा प्रश्न खरा असेलही. पण समुपदेशक बदलली की बाईला आपली कहाणी पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागते, आणि पुष्कळ जणी ती दुसऱ्यांदा सांगत नाहीत. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचे जाळे बहुतेक जिल्ह्यांत पोहोचले आहे, १८१ ही हेल्पलाईन आहे. फोनच्या या बाजूला बोलणारी व्यक्ती सहा महिन्यांनीही तीच असेल का, याचे उत्तर मात्र अंदाजपत्रकात सापडत नाही.

पुरुषांचा उल्लेख या धोरणांत अभावानेच येतो. मुंबईत १९९१ मध्ये एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: बायको ही मारण्यासाठी नसते असे मानणारे पुरुष हवेत. २०५ जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूझ’ ही संघटना उभी राहिली आणि तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. दोन-अडीच कोटींची वस्ती होऊ घातलेल्या महानगरात २०५ ही संख्या मोठी की लहान, हे ज्याने त्याने ठरवावे.

स्थलांतरितांच्या बाबतीत ‘स्थानिक समाज’ हा शब्दच धूसर होतो. खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी निघालेली कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत, दिल्लीही त्याला अपवाद नाही. नवरा, दुकान, भाड्याची खोली आणि शेजारी गावाकडचेच भाऊबंद. ही गावकी अडीअडचणीला धावून येते, पण बाईची तक्रार पोलीस ठाण्याआधी फोनवरून गावी पोहोचते आणि तिथून ‘सांभाळून घे’ असा निरोप येतो. बदलीच्या नोकरीतल्या अधिकाऱ्याच्या बायकोची गत निराळ्या रीतीने तीच. क्वार्टर नवऱ्याच्या नावावर, ओळखी त्याच्या कार्यालयातल्या, माहेर बाराशे-चौदाशे किलोमीटर दूर. कायद्याच्या २७ व्या कलमाने त्यांच्यासाठी एक सोय ठेवली आहे. स्त्री जिथे कायम वा तात्पुरती राहते किंवा नोकरी करते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो. म्हणजे माहेरी विट्याला परतूनही आणि दिल्लीत राहूनही. पण मार पडला तेव्हा भिंतीपलीकडे जे होते ते दिल्लीत आहेत, आणि विट्यात दिलेल्या अर्जासाठी त्यांची साक्ष कशी मिळवायची, हा प्रश्न तिथल्या आणि इथल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी एकमेकींशी बोलून सोडवायचा आहे.

दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या सूचना फलकांवर गणेशोत्सवाचे कार्यक्रम लागतात, वधू-वर मेळाव्याची माहिती लागते. त्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्यांच्या शेजारी लावण्यास कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.